पाणी गळतं कुठून? रेडिएटर आणि कूलंटची सव्वाशे वर्षं

(भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, एक-दोन ठिकाणी आकडे भरलेत.)

एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आपल्याकडे परत परत येतो. "पंधरा-वीस वर्षं जुनी, मोठ्या इंजिनाची जर्मन गाडी अगदी कमी पैशात मिळतेय. एकदम मस्त आहे, फक्त थोडं पाणी पिते. घेऊ का?"

आजचा अख्खा भाग या "थोडं पाणी पिते" वर आहे. त्याचं उत्तर इतिहासात सापडतं, असं माझं मत आहे. इंजिन थंड ठेवायची प्रत्येक नवी युक्ती आली तेव्हा गळती थांबली नाही, तिने फक्त जागा बदलली. जुनी आलिशान गाडी आज जिथे गळते, तिथे ती का गळते, हे त्या प्रवासातून कळतं.

विहिरीवरचं इंजिन

मी मलकापूरचा, म्हणजे कराडला खेटून असलेल्या मलकापूरचा. आमच्या भागात जुन्या माणसांना इंजिन म्हटलं की विहिरीवरचं डिझेल इंजिन आठवतं. पंप विहिरीतलं पाणी उपसणार, त्यातलंच थोडं इंजिनातून फिरणार आणि गरम होऊन बाहेर पडणार. एखादा जोड ठिबकला तरी बिघडत नाही. पाणी पाटात जायचं ते बांधावर पडलं, एवढंच. खाली विहीर भरलेली आहे.

गाडीची अडचण अशी की तिला स्वतःची विहीर सोबत न्यावी लागते, आणि ती जेमतेम आठ-दहा लिटरची. जळलेल्या इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता या पाण्याने उचलायची, पुढे नेऊन हवेत टाकायची आणि परत कामावर यायचं. मिनिटाला कितीतरी फेऱ्या. त्यामुळे इथे थेंबाचा हिशेब लागतो.

बर्था बेंझ ते मेबॅक

सुरुवातीच्या गाड्यांना हा हिशेब जमलाच नव्हता. कार्ल बेंझच्या पहिल्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन उडून जायचं, आणि तेच तिचं थंड होणं. १८८८च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. शंभरेक किलोमीटरचा प्रवास, आणि वाटेत मिळेल तिथे पाणी भरत जावं लागलं. आपल्याकडे खंबाटकी घाटात मे महिन्यात बॉनेट उघडून, बाटली हातात घेऊन उभी असलेली माणसं दिसतात ना, त्यांची ही मूळ पूर्वज म्हणायला हरकत नाही.

यावर खरा तोडगा काढला विल्हेल्म मेबॅकने. आधी नळ्यांचा रेडिएटर, आणि मग १९०१च्या मर्सिडीज ३५ एचपीसाठी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर. त्यात ६ मिलिमीटरच्या चौकोनी अशा ८,०७० बारीक नळ्या होत्या. नळ्यांमधून हवा जाणार, भोवतीच्या फटींतून पाणी. हवेला भिडणारा पृष्ठभाग इतका वाढला की ९ लिटर पाण्यात काम भागायला लागलं. आजच्या गाडीच्या नाकाडावर जी जाळी असते, ती मुळात या रेडिएटरला हवा मिळावी म्हणून आहे.

पण आठ हजार नळ्या म्हणजे त्या प्रत्येकीची दोन्ही टोकं डाख देऊन जोडलेली. जिथे डाख, तिथे उद्याची गळती. म्हणजे शोध लागला आणि त्याच्यासोबत रेडिएटर दुरुस्त करणारा कारागीरही जन्माला आला.

या मेबॅक घराण्याचा एक धागा आपल्या अगदी शेजारी आहे. विल्हेल्म आणि त्याचा मुलगा कार्ल यांनी १९०९मध्ये काढलेल्या कंपनीने आधी झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं केली, आणि १९२१पासून गाड्या. त्यांचीच १९३०च्या दशकातली एक गाडी कोल्हापूरच्या राजाराम महाराजांकडे आली. कोल्हापूरकर आजही दसऱ्याला ती मेबॅक दसरा चौकात बघायला गर्दी करतात. त्या काळच्या गाडीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असायचा. भोक पडलं तर शोधायचं, घासायचं, डाख मारायचा. गळती दिसायची, आणि दिसली की सुटायची.

झाकण घट्ट बसलं

पुढची उडी दाबाची. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. कराड साडेपाचशे-सहाशे मीटरवर, म्हणून इथे साधारण ९८ला. महाबळेश्वरला आणखी दोन-तीन अंश कमी. म्हणजे घाट चढताना इंजिन जास्त तापणार, आणि पाणी लवकर उकळणार. दोन्हीकडून मार.

यावरचा उपाय प्रेशर कुकरवाला. झाकणात स्प्रिंग बसवली आणि आतला दाब वातावरणापेक्षा एक बारने वाढू दिला, तर पाणी साधारण १२० अंशांना उकळतं. सोबत पाण्यात एथिलीन ग्लायकॉल आलं. विमानांच्या इंजिनांनी हा धडा आधी गिरवला. रोल्स-रॉईसच्या मर्लिन इंजिनात सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉल वापरायचे. नंतर ते ३० टक्क्यांवर आणलं, ७० टक्के पाणी आणि वर दाब. कारण साधं आहे: उष्णता वाहून नेण्यात पाण्याला तोड नाही. ग्लायकॉलचं काम पाण्याला लवकर उकळू आणि गोठू न देणं. आणि कूलंटमधली बाकीची रसायनं गंज अडवतात. म्हणून "आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला?" हा युक्तिवाद अर्धाच बरोबर आहे. आपल्या भागातलं बोअरचं जड पाणी घातलं की आत क्षार धरतो, आणि अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं ते वेगळंच.

दाब आल्यावर गळतीचा स्वभाव बदलला. पूर्वी पाणी आपल्या वजनाने ठिबकायचं, आता ते ढकललं जाऊ लागलं. थंड असताना कोरडा दिसणारा जोड गरम झाल्यावर फवारा मारतो. गरम गाडीचं झाकण उघडू नका असं सांगतात ते यासाठीच: दाब सुटला की आतलं पाणी एका क्षणात उकळून अंगावर येतं.

डाख गेला, प्लास्टिक आलं

१९७०च्या दशकापासून युरोपात वजन कमी करण्याची घाई झाली. तांबं-पितळ जड आणि महाग. त्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि दोन्ही बाजूंना काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या टाक्या आल्या. इंजिनाचं हेड आणि पुढे अख्खा ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचा झाला. थर्मोस्टॅटचं घर, वॉटर पंपाचा पंखा, पाईपांचे जोड, सगळं प्लास्टिक.

नवं असताना हे उत्तम चालतं. पण गरम पाणी, ग्लायकॉल आणि वर्षं, तिघं मिळून नायलॉनला ठिसूळ करतात. दहा-पंधरा वर्षांनी ते बिस्किटासारखं तुटतं. त्याला डाख देता येत नाही. एम-सील लावलं तर महिनाभर थांबतं. आमच्या हायवेकडेला ज्यांचे हात डाख मारण्यात मुरलेत, त्यांना या गाडीपुढे "नवीन टाका" एवढंच म्हणता येतं. दुरुस्तीची हद्द कारागिराच्या हातातून पार्टच्या डब्यात गेली.

जोरदार इंजिनाच्या गाड्यांत आणखी एक पेच आहे. व्ही-एट इंजिनात सिलेंडरच्या दोन रांगा इंग्रजी व्हीसारख्या बसतात. मधली दरी मोकळी, म्हणून इंजिनियरांनी पाण्याचे पाईप तिथे घातले. सगळ्यात गरम जागा तीच, आणि वर इनटेक मॅनिफोल्डचं झाकण. पहिल्या पिढीच्या पोर्शे कायेन व्ही-एटमध्ये तिथे प्लास्टिकचे पाईप होते. ते तडकायला लागल्यावर कंपनीने अ‍ॅल्युमिनियमचे आणले. बीएमडब्ल्यूच्या एन६२ इंजिनात दरीतून जाणाऱ्या पाईपचं सील सुकतं. सील चिमूटभर, पण मूळ पद्धतीने बदलायचं तर इंजिनाचा पुढचा भाग खोलावा लागतो. म्हणून बाहेरच्या लोकांनी दुर्बिणीसारखा लांबणारा पाईप काढला, जो मोठी खोलाखोल न करता बसवता येतो.

शोधायचं कसं

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही म्हणतो, आधी बग सापडू दे, मग कोडला हात लाव. इथेही तेच. ओळखीतली एक व्ही-एट गाडी आठवड्याला लिटरभर पाणी प्यायची आणि खाली जमीन कोरडी. मलकापुरातल्या मेकॅनिकने काही खोललं नाही. गाडी रात्रभर थंड केली, झाकणाच्या जागी हातपंप लावला, आत एक बार दाब भरला आणि चहा प्यायला गेला. परत आला तर काटा उतरलेला. मग टॉर्च लावून इंजिनाच्या मागे बघितलं: गिअरबॉक्सच्या जोडावरून पाण्याची बारीक रेघ. दरीतल्या झाकणाचं गॅस्केट कडक झालं होतं. पाणी गरम ब्लॉकवर सुकायचं, म्हणून जमिनीवर पोचत नव्हतं.

आमच्या गावाला हे तत्त्व नवीन नाही. मलकापूरची चोवीस तास पाण्याची योजना देशभरातून लोक बघायला आले, आणि तिच्या मुळाशी हेच आहे: नळ्यांत सतत दाब, जोड पक्के, घरोघरी मीटर. किती सोडलं आणि किती पोचलं हे मोजलं की गळती लपत नाही.

दाब टिकला तरी पाणी कमी होत असेल, तर शंका आत घ्यायची. सकाळी सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑईल दुधाळ, किंवा गाडी सुरू करताच टाकीत बुडबुडे? मग हेड गॅस्केट. तिथे गळती बंद करणारी पावडर घालू नका. ती भोकासोबत हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. आणि थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा आपल्याकडचा जुना उपायही इथे चालत नाही. नव्या इंजिनाचा संगणक ठरावीक तापमान धरून चालतो.

मग घ्यायची का?

जुन्या लोखंडी इंजिनाची गाडी गरम झाली तर थांबा, थंड करा, पाणी घाला, चला. अ‍ॅल्युमिनियमचं हेड मात्र काही मिनिटांत वाकतं. लोखंडापेक्षा ते तापल्यावर जवळपास दुप्पट फुगतं. लेथवर फेसिंग करून जमलं तर नशीब, नाहीतर इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो. त्या "थोड्या पाण्या"ची खरी किंमत ही.

म्हणून सौदा करण्याआधी दाबाची तपासणी मागा. मालक तयार नसेल तर तेही एक उत्तरच आहे. गळती पाईपात, टाकीत किंवा वॉटर पंपात निघाली, तर त्या वयाचे सगळे प्लास्टिक-रबराचे भाग एकदम बदलण्याचा खर्च धरा आणि किमतीतून वजा करा. एक बदलून बाकीचे ठेवलेत, तर दाब पुढचा कमजोर जोड शोधणारच. गळती दरीत निघाली तर मजुरीचाही हिशेब आधी करा. हेड गॅस्केट निघालं तर गाडीला नमस्कार करून घरी या.

कूलंट घेताना रंग बघू नका. हिरवा, निळा, गुलाबी हे कंपन्यांचे आपापले रंग. मॅन्युअलमधला नंबर जुळवा, सोबत डिस्टिल्ड पाणी वापरा. आणि काढलेलं कूलंट गटारात ओतू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. डब्यात भरून झाकण लावून ठेवा, लेकरांच्या हाताला लागणार नाही असं.

तुमच्याकडे डाख मारणारे जुने रेडिएटरवाले अजून असतील, तर त्यांच्याबद्दल आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर घाटात काट्यावर लक्ष ठेवा!