शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि आकाशाची साक्ष

मराठी वाचकास आकाशाकडे मान वर करून पाहावयास ज्यांनी शिकविले, त्यांत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते. परंतु आपण त्यांस ओळखतो ते बहुधा एका जाड ग्रंथाचे कर्ते म्हणून. तो ग्रंथ म्हणजे १८९६ साली पुण्यास छापून निघालेला 'भारतीय ज्योतिषशास्त्र'. त्यापूर्वी, १८९२ च्या सुमारास, त्यांनी 'ज्योतिर्विलास' नावाचे एक लहान पुस्तक लिहिले होते आणि त्यास पोटनाव दिले होते 'रात्रीची दोन घटका मौज'. घटका म्हणजे २४ मिनिटे. दोन घटका म्हणजे ४८. एका बेताच्या व्याख्यानाचा वेळ! ज्योतिष म्हटले की ज्या समाजास पत्रिका आणि साडेसातीच आठवे, त्यास हीच विद्या मौजेची आहे असे सांगणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हे.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली दापोलीजवळच्या मुरुडचा. पेशा शाळामास्तरकीचा. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा बदल्यांत सारी नोकरी गेली. वेधशाळा नाही, विलायती पदवी नाही. तरीही गुप्तकालीन लेखांतील तिथिवारांची गणिते फ्लीटसाहेबांनी याच मास्तरांकडून करवून घेतली, आणि रॉबर्ट सूएल यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ १८९६ साली लंडनला निघाला.

त्यांच्या पद्धतीचा एक नमुना पाहू. शतपथ ब्राह्मणात असे विधान आहे की, इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका मात्र ढळत नाहीत. पुष्कळांनी ते वाचले आणि पान उलटले. दीक्षितांनी प्रश्न केला, आज त्या कोठे उगवतात? आज पुण्यासारख्या ठिकाणी कृत्तिका खऱ्या पूर्वेच्या उत्तरेस सुमारे २५ अंशांवर उगवतात. हे अंतर पडले ते अयनचलनामुळे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्याचा एक फेरा सुमारे २५,८०० वर्षांचा, म्हणजे ७२ वर्षांस एक अंश. मागे मागे गणित करीत गेले की ठीक पूर्वेस उगवणाऱ्या कृत्तिका इसवी सनापूर्वी ३००० वर्षांच्या सुमारास सापडतात. ग्रंथच तितका जुना, हा निष्कर्ष पुढील पंडितांस मान्य झाला नाही, आणि आमच्या मतेही त्यांचा आक्षेप सबळ आहे. जुने निरीक्षण परंपरेने पुढच्या ग्रंथात उतरू शकते, आणि त्या वाक्याचा अर्थही निराळा लावता येतो. परंतु पोथीतील वाक्याला आकाशाची साक्ष विचारावी, ही रीत काही खोटी ठरली नाही.

हीच साक्ष पंचांगास विचारली तेव्हा मात्र घरोघर वाद पेटला. आपली पंचांगे बहुतेक 'ग्रहलाघवा'वरून होत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ते १५२० साली रचले, तेही जुन्या ग्रंथांची गणिते प्रत्यक्ष वेधांशी जुळवून. दुर्दैव असे की, अनुयायांनी त्यांची कोष्टके जपली आणि वेध टाकून दिले. साडेतीनशे वर्षांत ग्रहणांच्या वेळा आणि ग्रहांची स्थाने उघड चुकू लागली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून नवे पटवर्धनी पंचांग चालू केले. रेवतीची तारा आरंभस्थान धरल्याने त्याची संक्रांत जुन्या पंचांगाहून सुमारे चार दिवस आधी येई. अधिक मासही कधी निराळा पडे. सण कोणत्या दिवशी करावा आणि श्राद्धाची तिथी कोणती धरावी, असा तो प्रश्न होता; सासूसुनेचे एकमत होणे कठीण, मग शास्त्रीमंडळींची गोष्ट कशाला!

दीक्षित याहून पुढे गेले. ऋतूंशी जुळणारे सायन पंचांगच खरे, असा त्यांचा पक्ष. सूर्य उत्तरेकडे वळतो २२ डिसेंबरच्या सुमारास. मग उत्तरायणाचा सण तीन आठवड्यांनी का, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. पण विरुद्ध बाजूचे म्हणणेही टाकाऊ नव्हते. सायन विभाग धरले तर अश्विनी म्हणून सांगितलेली जागा अश्विनीच्या ताऱ्यांपासून दूर सरकते. लोकांस तारे ओळखावयास शिकविणाऱ्याचेच पंचांग ताऱ्यांपासून सुटावे, ही अडचण मोठी खरी.

निकाल पाहावयास ते राहिले नाहीत. २० एप्रिल १८९८ रोजी, पंचेचाळिशीही पुरी होण्यापूर्वी, तापाने त्यांचा अंत झाला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ साली अहवाल दिला, त्यात तडजोड दिसते: वर्ष आणि सौर महिने ऋतूंप्रमाणे सायन, नक्षत्रे मात्र ताऱ्यांस धरून निरयन. त्याप्रमाणे राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून, १ चैत्र शके १८७९ म्हणून, चालू झाली. सरकारी कागदांवर तिची तारीख असते; तिळगूळ आम्ही अजून जानेवारीच्या मध्यासच वाटतो.

ज्यांस पडताळा पाहावयाचा असेल त्यांनी डिसेंबरच्या आरंभापासून गच्चीवरच्या एकाच जागी उभे राहून सूर्य कोणत्या झाडामागून वा शिखरामागून उगवतो याची खूण करीत जावी. आणि कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास दिवेलागणीला पूर्वेकडे पाहावे. डाव्या हातास थोड्या सरकलेल्या कृत्तिका त्या वेळी क्षितिजावर येत असतात.