पंप दूर, तरी इथेनॉलची मोटार

पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण फार वाढले, की ते मिश्रण साध्या मोटारीस मानवत नाही. त्यासाठी ‘फ्लेक्स-फ्युएल’ मोटार लागते. तिच्या इंधनयंत्रणेचे भाग इथेनॉलला टिकणारे असतात आणि मिश्रणाचे प्रमाण ओळखून संगणक इंधनाची मात्रा बदलतो. अमेरिकेत अशा लाखो मोटारी विकल्या गेल्या. मात्र ५१ ते ८३ टक्के इथेनॉल असलेले ‘ई-८५’ इंधन देणारे पंप मुख्यतः मिनेसोटा, आयोवा, इलिनॉय अशा मका पिकवणाऱ्या राज्यांतच एकवटले.

अन्यत्र पंप नसला तरी मोटार अडत नाही. त्याच टाकीत पेट्रोल भरता येते. अडचण वेगळीच आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे एका टाकीत अंतर कमी कापले जाते आणि दूरचा पंप अधिक वेळा गाठावा लागतो. दरात तेवढी सवलत नसल्यास चालक पेट्रोलकडे वळतो, मागणी घटते आणि नवे पंप उभे राहत नाहीत.

ब्राझीलमध्ये हे चक्र उलटे फिरले. तेथे १९७५ च्या ‘प्रोआल्कोल’ योजनेनंतर इथेनॉलच्या पंपांचे जाळे विणले गेले. फ्लेक्स मोटारी आल्या त्या २००३ मध्ये. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तरच ते भरावे, असा तेथील चालकांचा ठोकताळा आहे. भारतात मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांतील १८३ पंपांवर ‘इथेनॉल १००’ची विक्री सुरू झाली. हे जाळे विस्तारायचे, तर दराचे हे गणित येथेही जुळावे लागेल.