दुबईच्या शाळेत इंग्रजी शिकवायला निघालात? पगाराआधी घराचं विचारा

एप्रिलमध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या भारतीय शाळांचं नवीन वर्ष सुरू होतं, म्हणून जानेवारीपासूनच मुलाखतींचे फोन येऊ लागतात. मुंब्रा, महाड, रत्नागिरी, मालेगाव, कुठल्याही गावात चौकशी करा, एमए इंग्रजी आणि बीएड झालेली एखादी मुलगी किंवा मुलगा तयारीत असतोच. घरातले पहिला प्रश्न विचारतात, "पगार किती?" दुसरा, "तिकीट कोण देणार?" राहणार कुठे, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा विमानतळावर उतरल्यावरच निघतो. तिथे हाच खर्च सगळ्यात मोठा असतो, आणि वर्षभराची दिनचर्या, नमाज, मुलांची शाळा हे सगळं त्यावरच ठरतं.

कायद्यापासून सुरुवात करू. अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यानुसार मालकाने राहण्याची सोय करायची, किंवा घरभाडे भत्ता द्यायचा, किंवा तो पगारातच धरायचा. म्हणजे शाळा तीनपैकी काहीही करू शकते. ऑफर लेटरमध्ये "एकूण 5,000 दिरहम" एवढंच लिहिलं असेल तर त्यात मूळ वेतन किती आणि घरभाडं किती, हे वेगळं लिहून मागा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त मूळ वेतनावर मोजतात: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार. मूळ वेतन 4,000 असेल तर पाच वर्षांनी 14,000 दिरहम हातात येतील, 2,500 असेल तर 8,750. एकूण पगार दोघांचाही तेवढाच, पण फरक 5,250 दिरहमचा.

आता गावाची निवड. दुबईतल्या बऱ्याच भारतीय शाळा अल कुसैस आणि ऊद मेथा भागात आहेत. शारजात मुवैलेह भागात शाळांची रांगच आहे, आणि अबुधाबीत मुसफ्फा आणि आसपास. आपली माणसं सरळ हिशेब करतात: नोकरी दुबईत, घर शारजात, कारण शारजात भाडं कमी. कागदावर हे बरोबर आहे. पण सकाळी शारजाहून दुबईकडे येणारा अल इत्तिहाद रस्ता आणि मोहम्मद बिन झायेद रस्ता तुंबलेले असतात. दुबई मेट्रो शारजात जात नाही. स्वतःची गाडी असेल तर सालिकचा टोल आहे, 2025 पासून गर्दीच्या वेळेत एका गेटला 6 दिरहम. शाळेची बस घेतली तर ती मुलं गोळा करत फिरते, त्यामुळे शेवटच्या टोकाला राहणाऱ्या टीचरला पहाटे साडेपाचला खाली उभं राहावं लागू शकतं. जानेवारीत तिथे फजरची वेळ पावणेसहाच्या सुमारास लागते आणि सूर्य सातनंतर उगवतो. म्हणजे फजर बसमध्ये. हे कुणी आधी सांगत नाही, पण पंधरा दिवसांतच ते मनाला टोचायला लागतं.

अल नाहदा हे नाव लक्षात ठेवा. या नावाचा भाग दुबईतही आहे आणि शारजातही, दोन्ही एकमेकांना लागून. दुबईच्या अल नाहदा आणि अल कुसैसमध्ये मेट्रोची ग्रीन लाइन आहे. शाळा कुसैसमध्ये असेल तर दुबई-नाहदात एका बेडरूमचं घर शारजापेक्षा महाग पडेल, पण दिवसाचे दोन-तीन तास वाचतील. वही तपासणारा शिक्षक या तासांची किंमत जाणतो. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी शाळेजवळच राहा. दुसऱ्या वर्षी रस्ते कळतात, मग ठरवा.

जुम्म्याचाही एक पेच आहे. 1 जानेवारी 2022 पासून देशात शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस झाला. शारजाने मात्र शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी ठेवली, आणि तिथल्या खासगी शाळाही चार दिवसच भरतात. एकट्या टीचरला ही चैनच. पण बायको शारजाच्या शाळेत, नवरा दुबईच्या ऑफिसात आणि मुलं दुबईच्या शाळेत असली तर शुक्रवारी घरात कोण आणि कामावर कोण, याचं वेळापत्रक आधीच मांडून बघा.

पैशाचा धक्का पहिल्या महिन्यात बसतो. दुबईत भाडं महिन्याने नाही, वर्षाने ठरतं आणि पुढच्या तारखांच्या चेकने दिलं जातं. समजा वर्षाचं भाडं 50,000 दिरहम आणि चार चेक. पहिला चेक 12,500 चा. एजंटचं कमिशन सहसा 5 टक्के, म्हणजे 2,500. अनामत 5 टक्के, आणखी 2,500. वीज-पाण्याच्या जोडणीसाठी देवाची (दुबईच्या वीज-पाणी संस्थेचं हे नाव आहे, गैरसमज नको) 2,000 अनामत. सामान येण्याआधीच 19,500 दिरहम गेले. शिवाय वर्षाच्या भाड्याच्या 5 टक्के पालिका शुल्क दर महिन्याच्या वीजबिलात थोडं थोडं येत राहतं. नवीन माणसाकडे चेकबुकही लगेच नसतं, बँक खातं उघडायलाच वेळ लागतो.

याहून महत्त्वाची गोष्ट प्रोबेशनची. कायद्याने ती सहा महिन्यांपर्यंत असू शकते आणि त्या काळात शाळा 14 दिवसांच्या लेखी नोटिशीवर नोकरी संपवू शकते. तुम्ही मात्र वर्षाचा करार केलेला, चेक मालकाच्या हातात. नोकरी गेली तरी चेक तारखेला बँकेत जाणारच. म्हणून प्रोबेशन संपेपर्यंत स्वतःच्या नावावर वर्षाचं घर घेऊ नका. शाळा राहायला जागा देत असेल तर खोली लहान असली तरी सहा महिने तिथेच काढा. एक लक्षात असू द्या, शाळेचं घर नोकरीबरोबरच जातं. नोकरी संपल्यावर 30 दिवसांत ते रिकामं करावं लागतं.

"मामूंचं घर आहे ना, तिथेच राहू," हे आपल्या कोकणी घरांत हमखास ऐकू येतं, आणि मुलगी एकटी जात असेल तर आईवडिलांच्या जिवाला त्यानेच शांती मिळते. चांगली गोष्ट आहे. पण दुबईत भाडेकरूने घरात राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद करायची असते, नातेवाईक असला तरी. मामूंना आधी विचारा की त्यांच्या करारात जागा आहे का. शारजात कुटुंबांसाठीच्या इमारतींत एकट्या पुरुषांना राहू देत नाहीत, तपासणीही होते. बेडस्पेसच्या जाहिराती स्वस्त दिसतात, पण प्लायवूडच्या पार्टिशनच्या खोल्यांवर दुबई पालिकेने 2025 मध्ये मोठी मोहीम काढली होती. अशा खोलीतून एका रात्रीत सामान उचलावं लागतं.

कुटुंब नंतर न्यायचं असेल तर भाडेकरार नोंदलेला हवा: दुबईत त्याला इजारी म्हणतात, अबुधाबीत तौसीक. शब्द आपल्या ओळखीचेच, "इजारा" आणि "वसीका" ज्यांनी ऐकलेत त्यांना अर्थ सांगायला नको. पगार किमान 4,000 दिरहम, किंवा 3,000 आणि राहण्याची सोय, असा नियम आहे. नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बहिणींनी एक खास विचारून घ्यावं: बऱ्याच शाळा अशा टीचरला फक्त वर्क परमिट देतात आणि घरभाडे भत्ता टाळतात. मुलाखतीतच बोलणं झालं तर मिळण्याची शक्यता असते, रुजू झाल्यावर नाही.

शिक्षकाची मान्यताही अमिरातीप्रमाणे वेगळी: दुबईत केएचडीए, अबुधाबीत अदेक, शारजात एसपीईए. स्वस्त घरासाठी पुढे शारजाची शाळा धरली तर मान्यतेची कागदपत्रं पुन्हा करावी लागतात. डिग्री आणि बीएडची पडताळणी मुंबईत, मग परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास, एवढं तर जाण्याआधीच व्हायला हवं. तिथे अपोस्टिल चालत नाही. मूळ प्रमाणपत्रं किंवा पासपोर्ट मात्र घराच्या अनामतीपोटी कुणाकडेही ठेवू नका, मग तो एजंट कितीही ओळखीचा असो.

अल ऐन शहराचा विचार कुणी करत नाही. समुद्र नाही, मॉल कमी, दुबई दीड तासावर. पण भारतीय शाळा आहेत, भाडं कमी आहे आणि शाळेतून घरी यायला पंधरा मिनिटं लागतात. ज्यांना चार पैसे गाठीशी बांधून तीन वर्षांत परत यायचंय, त्यांनी तिथली जाहिरात आली तर लगेच नाही म्हणू नये.