टोपली कारवी : एका नावाची कहाणी



वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नव्हे. मी शब्दांचा विद्यार्थी. तरीही आज एका झुडपाविषयी बोलतो आहे, त्यास माझी एक जुनी चूक कारण आहे. अध्यापनाच्या आरंभीच्या वर्षांत एका विद्यार्थ्याने निबंधात ‘गुडघाभर कारवी’ असे लिहिले होते. कारवी म्हणजे पुरुषभर उंचीची, जिच्या काठ्यांचे कूड घालून घरे उभी राहतात ती, एवढेच मला ठाऊक. मी ते शब्द तांबड्या शाईने खोडले.

पुष्कळ वर्षांनी साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलो. जांभ्या खडकावर उपड्या टोपल्या मांडाव्यात तशी गोल, ठेंगणी झुडपे बसली होती. तिकडे तिला ‘टोपली कारवी’ म्हणतात. दरवर्षी ती बहरत नाही. काही वर्षे थांबून एकदम निळीजांभळी होते.

शास्त्रज्ञांची मात्र तिच्या नावावर दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती. थोरली आणि टोपली, दोघीही अडुळशाच्या कुलातल्या. फुलोरा शंकूसारखा म्हणून ब्लूम यांनी १८२६ मध्ये ‘स्ट्रोबिलँथस’ ही प्रजाती स्थापिली. पुढे १८८० च्या दशकात क्लार्क यांनी आपल्या झुडपाला स्वतंत्र जाती न मानता ‘सेसिलिस’ या जातीचा ‘रिचिआय’ नावाचा केवळ एक प्रकार ठरविले. हे रिची म्हणजे बेळगावच्या परिसरात वनस्पती गोळा करणारे संग्राहक. कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात ‘बेळगाव’ आणि ‘रिची’ हे शब्द वारंवार शेजारी येतात. सीमाभागातल्या माणसाला ते वाचताना बरे वाटते, हे कबूल करतो.

१९४४ मध्ये डच शास्त्रज्ञ ब्रेमेकँप यांनी या प्रजातीचे पन्नासांहून अधिक तुकडे केले. थोरलीला ‘कार्विया’ हे नाव मिळाले. आपला मराठी शब्दच लॅटिन पोशाखात! टोपली मात्र ‘प्लिओकॉलस रिचिआय’ झाली. हे विभाजन टिकले नाही. अलीकडच्या अभ्यासकांनी सारे तुकडे पुन्हा स्ट्रोबिलँथसमध्ये घातले आणि टोपलीसाठी श्टाफ यांचे ‘रेटिक्युलाटा’ हे नाव ग्राह्य धरले. प्रकाराला दिलेल्या नावास जातीच्या पायरीवर अग्रक्रम मिळत नाही, असा नियम आहे. म्हणजे कार्वियाही गेली, रिचीही गेले. डोंगरातल्या माणसांनी आकार पाहून दिलेले नाव तेवढे आहे तसे आहे.

त्या विद्यार्थ्याला निबंध परत देताना, ती कारवी त्याने कोठे पाहिली, एवढेही मी विचारले नव्हते.