दगड दोनदा भेटतो

सेकंदाला २० मीटर वेगाने दगड सरळ वर भिरकावला, गुरुत्वाकर्षणाचं त्वरण सोयीसाठी १० धरलं, तर क्ष सेकंदांनी त्याची उंची २०क्ष − ५क्ष² मीटर. मग १५ मीटरवर तो केव्हा असेल? क्ष = १ आणि क्ष = ३. दोन्ही उत्तरं खरी: एक चढतानाचं, एक उतरतानाचं. शाळेतलं हे गणित मला म्हणूनच फार आवडतं.

त्यातलं वर्गसमीकरण मात्र दगडासाठी जन्मलं नाही. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर ते जमिनीच्या मापांतून येतं. आपल्याकडे श्रीधराचार्यांनी ते सोडवण्याची रीत दिली आणि भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘बीजगणिता’त ती त्यांच्या नावानिशी सांगितली. तिथलं माकडांचं उदाहरण पाहा. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून उरेल त्याच्या वर्गाइतकी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसलं; कळप केवढा? उत्तरं ५० आणि ५. भास्कराचार्य ५ सोडून देतात: पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन कसे जाणार?

दगडाची बाजू गॅलिलिओकडून आली. त्याआधी, १५३७मध्ये, इटालियन गणिती तार्ताल्या तोफगोळ्याची वाट सरळ रेघ, मग कमान, मग पुन्हा सरळ रेघ अशी काढत होता. गॅलिलिओने लांब फळीत खोबण कोरली, आत गुळगुळीत चर्मपत्र चिकटवलं आणि उतारावरून काशाची गोळी सोडली. सेकंद मोजणारं घड्याळ नव्हतं. बारीक नळीतून पडणारं पाणी तो पेल्यात धरायचा आणि तराजूत तोलायचा. पाण्याचं वजन हाच वेळ. पाव अंतराला निम्मा वेळ लागतो, म्हणजे अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे त्या तराजूने सांगितलं. फेकलेल्या वस्तूची वाट परवलय असते, हे त्याच्या १६३८च्या ग्रंथात आहे. तो नजरकैदेत होता, दृष्टी गेली होती, आणि पुस्तक हॉलंडातल्या लायडनला छापावं लागलं. त्यातही समीकरण नाही, सारं भूमितीने आणि प्रमाणांनी मांडलेलं. अक्षरांतलं सूत्र पुढच्या पिढ्यांनी लिहिलं.

आता तोच दगड २५ मीटर उंच गच्चीवरून वर फेका. जमिनीवर केव्हा पडेल? उत्तरं ५ आणि उणे १. भास्कराचार्यांच्या पाचासारखं उणे १ आपण खोडतो. पण ते खोडण्याआधी मी मुलांना थांबवतो. दगड जमिनीवरूनच, ३० मीटरच्या वेगाने, एक सेकंद आधी सुटला असता, तर गच्चीपाशी तो याच क्षणी, याच २०च्या वेगाने पोहोचला असता.