रेघेला लागणारा उशीर

चेन्नईतल्या अंबत्तूरमध्ये पहाटे गल्लीतून निघालं, की ओल्या अंगणात कुणीतरी वाकून कोलम काढत असतं. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत आपण ठिपके जोडतो. इथल्या सिक्कु कोलमची रेघ मात्र ठिपक्यांना वळसे घालत जाते आणि निघाली तिथेच परत येऊन मिळते. चिमटीतली पिठी क्वचितच थबकते. डिजिटल चित्रकलेतल्या स्टॅबिलायझरवरच्या पुस्तकात हे कशासाठी, असं वाटेल, थोडं थांबा.

क्रिता, फोटोशॉप, क्लिप स्टुडिओ पेंट, प्रोक्रिएट, काहीही उघडा. ब्रशच्या पर्यायांत रेघ गुळगुळीत करणारी सोय, म्हणजे स्टॅबिलायझर, सापडतेच. नवशिका ती पार टोकापर्यंत वाढवतो आणि पेन पुढे, रेघ मागे अशी गत झाली की वैतागतो. या विषयात शिरायला तो वैताग उत्तम.

रेघ मागे का पडते, याचा हिशोबच करू. धडधाकट माणसाचा हातही सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा बारीक थरथरतो. टॅब्लेट पेनाची जागा सेकंदाला, समजा, 200 वेळा टिपतो. थरथर पुसायची तर एका पूर्ण हेलकाव्याची, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागातली, 20 टिंबं घेऊन त्यांची सरासरी काढावी लागते. सरासरी पडते या टिंबांच्या मध्यावर. म्हणून रेघ सेकंदाचा विसावा भाग मागे राहते. हात सेकंदाला 20 सेंटिमीटर सरकत असेल, तर अंतर झालं तब्बल एक सेंटिमीटर! शिवाय वळणावर सरासरी आतल्या अंगाला ओढते. गोल किंचित आक्रसतो, कोपरे बोथटतात. देवनागरी सुलेखन करणाऱ्याला हे लगेच खटकतं: ‘ळ’ गोंडस दिसतो, ‘र’ मात्र मवाळ पडतो.

दुसरी युक्ती दाव्याला बांधलेल्या वासराची. पेनानं ओढलेलं दावं ताणलं जाईपर्यंत रेघेचं वासरू हलत नाही. तेवढ्या ढिलाईत थरथर जिरून जाते. फोटोशॉपमधली ‘पुल्ड स्ट्रिंग’ ती हीच, आणि क्रितातला ‘डिले’ही याच जातीचा. लांब, डौलदार रेघेला मला ही पद्धत सरासरीपेक्षा प्रामाणिक वाटते. कच्च्या रेखाटनाला मात्र दोन्ही नकोत. क्लिप स्टुडिओत रेघ काढून झाल्यावर ती सुधारण्याचीही सोय आहे; तिथे उशीर सोसावा लागत नाही, पण डोळ्यांदेखत काढलेली रेघ पेन उचलताच बदलते.

आता कोलम. तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजशी जोडलेले गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि त्यांच्या सहसंशोधक कमला कृतिवासन यांनी 1974मध्ये कोलमच्या आकृत्या संगणकशास्त्रातल्या व्याकरणाच्या नियमांत बसवून दाखवल्या. अंगणातली रेघ अशी संगणकशास्त्राचाही विषय झाली. आपल्यापुरता मुद्दा असा: कोलम काढणाऱ्या बाईला पुढचं वळण आधीच ठाऊक असतं. स्टॅबिलायझरला ठाऊक असतात फक्त होऊन गेलेली टिंबं, म्हणून त्याला थांबून राहावं लागतं. कित्ता गिरवून तयार झालेला हात आणि स्टॅबिलायझरची पट्टी सरकवून तयार झालेली रेघ यांतला फरक इथे आहे, आणि पुढची प्रकरणं तोच मोजतात.

पहिल्या प्रकरणाआधी एक काम करा. स्टॅबिलायझर शून्यावर आणा, मनगट न वळवता खांद्यापासून हात फिरवत दहा गोल काढा आणि तारीख घालून फाइल जपून ठेवा. तिसऱ्या प्रकरणात ती लागेल.