धुळघाटचा वेढा आणि मीटरगेजचा अंत

बऱ्हाणपूर-असीरगडाला दख्खनचा दरवाजा म्हणतात ते इथल्या भूगोलामुळे. तापीकाठावरून नर्मदेकडे जाताना सातपुडा ओलांडायची सोपी वाट इथेच आहे. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला तो याच वाटेवरचा, आणि एकोणिसाव्या शतकात जी.आय.पी. कंपनीने भुसावळ-खंडवा ब्रॉडगेज नेली तीही इथूनच. असे असताना अकोला-खंडवा ही दुसरी लाइन पूर्वेकडे मेळघाटच्या दाट जंगलात का शिरली? तिचा जन्म आणि तिचा शेवट या दोन्हींचे कारण मला एकच दिसते: रुळांमधले अंतर. 1870 मध्ये तुकोजीराव होळकरांनी एक कोटीचे कर्ज दिले आणि खंडवा-इंदूर मार्ग झाला, तो मीटरगेज. पुढे त्याचे रूळ माळव्यातून अजमेरपर्यंत जुळले. दक्षिणेत निजामाच्या रेल्वेचे मीटरगेज 1912 मध्ये पूर्णेहून हिंगोलीला येऊन थांबले. खंडवा ते हिंगोली या मधल्या तुटीमुळे अजमेरचा माल हैदराबादला न्यायचा तर खंडव्याला ब्रॉडगेजच्या डब्यांत चढवायचा आणि मनमाडला पुन्हा मीटरगेजवर उतरवायचा. स्वातंत्र्यानंतर अकोल्यामार्गे ही तूट भरली गेली, अजमेर-काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेससारख्या थेट गाड्या धावल्या. गाविलगड डोंगररांगेचा उतार उतरण्यासाठी धुळघाटजवळ रुळांना पूर्ण वेढा द्यावा लागला. गाडी वळसा घेऊन स्वतःच्याच मार्गाला छेद देत खाली येई. हौसेची डोंगरगाडी नव्हे, देशाच्या दोन टोकांना जोडणारे हे कष्टाचे काम होते.

वाघांमुळे ही लाइन गेली, असे सर्रास म्हटले जाते. ते मला पटत नाही. मेळघाट 1973-74 मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत आला, आणि त्यानंतरही चार दशके गाड्या त्यातूनच जात होत्या. खरा घाव घातला तो गेज बदलाने. अकोला-पूर्णा 2008 मध्ये ब्रॉडगेज झाली, उत्तरेकडे रतलाम-अजमेरचेही रूळ बदलले, आणि मधला तुकडा दोन्हीकडून एकटा पडला. 2017 च्या आरंभी तो बंद झाला तोही रूळ रुंद करण्यासाठीच. वाघांचा प्रश्न पुढे आला तो नव्या, वेगवान गाड्यांपुरता, आणि ती हरकत रास्त आहे.

यापेक्षा वजनदार आक्षेप दुसरा आहे: धुळघाट, वान रोड भागातल्या कोरकू गावांची हक्काची पॅसेंजर गेली, त्याचे काय? हे नुकसान खरे आहे, आणि वाघाचे नाव घेऊन ते झाकता येणार नाही. 2021 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी व्याघ्रप्रकल्पाबाहेरून मार्ग नेण्याची मागणी केली. हिवरखेड, सोनाळा, जामोद, खकनारवरून तुकईथडला येणारा हा पर्याय लांबचा आहे, पण तो वस्तीतून जातो आणि बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनारला रेल्वे देतो. म्हणून तोच योग्य. मात्र तो कोरकू गावांचे नुकसान भरून काढत नाही. त्यांच्यासाठी बारमाही रस्ता आणि नेमाची बस यांची तरतूद याच रेल्वेप्रकल्पाच्या खर्चात धरली पाहिजे. आणि धुळघाटचा वेढा, त्याचे पूल, भराव आणि नकाशे यांची रेल्वेने आताच नोंद करून ते वारसा म्हणून राखावेत.